साडभाऊंची मासेमोजणी

आमच्या साडभाऊंइतका संतापी माणूस नागपुरात दुसरा झाला नाही. हे मी सांगतोय, ज्याचा आवाज चढला की स्वतःच्याच छापखान्यातल्या कंपोझिटरचे हात थरथरायचे आणि लग्नपत्रिकेत वराच्या जागी वराच्या मामाचं नाव जाऊन बसायचं. पण माझा राग दुकानदाराचा. दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की आपोआप विझणारा. साडभाऊंचा राग विझत नसे, आणि मुख्य म्हणजे तो स्वतःसाठी कधीच नसे. माणसं दूधवाल्यावर चिडतात, वीज गेली म्हणून चिडतात, पोराच्या मार्कांवर चिडतात. हा गृहस्थ लक्ष्मीनगरातल्या आपल्या व्हरांड्यात बनियनवर बसून पृथ्वीच्या पार तळाशी, बर्फाच्या पाण्यात पोहणाऱ्या माशांसाठी चिडायचा. असा चिडायचा की समोरच्या बंगल्यातले रिटायर्ड हेडमास्तर रेडिओ बंद करून ऐकत बसायचे. त्या रागाचं पुढे काय झालं ते आठवलं की माझंही डोकं अजून तापतं. म्हणजे हे काही मी शांतपणे लिहीत नाहीये. वाचणाऱ्याने त्या तयारीनेच बसावं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिकडे पुण्या-मुंबईला नुसतं 'साडू' म्हणून मोकळे होतात. आमच्या विदर्भात साडभाऊ म्हणतात, आणि एकदा तसं म्हटलं की भावाचा सगळा ताप गळ्यात आलाच. हे मूळचे पारशिवनीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. डोकं गणितात चाललं म्हणून नागपुरात येऊन संख्याशास्त्र शिकले आणि सरकारच्या मत्स्य खात्यात लागले. काम काय, तर तलावांतले आणि धरणांतले मासे मोजायचे. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा जावईबापू म्हणून हेच समोर बसलेले. बोलायला विषय हवा म्हणून मी विचारलं, "पाण्यातले मासे मोजता म्हणजे?" ते म्हणाले, "मंग काय ताटातले मोजू?" आमचं पुढचं सगळं आयुष्य याच सुरात गेलं. एरवी ते माझ्या-तुमच्यासारखं शुद्ध बोलायचे, पण राग चढला की, किंवा जीव गलबलला की, जीभ थेट पारशिवनीच्या शिवारात जाऊन उभी राहायची. ते 'मला' म्हणत असेपर्यंत घरातली माणसं निर्धास्त असत. 'मले' आलं की ताई, म्हणजे माझी मेव्हणी, चहाचं आधण ठेवायला उठायच्या.

त्यांच्याबरोबर मासळीबाजारात जाणं ही मोठी शिक्षा होती. खिशात लाकडी फुटपट्टी. प्रत्येक टोपलीपुढे उकिडवं बसायचं, रोहू उचलायचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत पट्टी लावायची आणि विकणाऱ्या बाईला फैलावर घ्यायचं. "हे पोर आहे वं, पोर! अजून शाळेत जायचं वय आहे याचं. याले काहून धरून आणलं?" बाई तरी ऐकून घेणारी असावी! ती म्हणायची, "घ्यायचा नसन तं ठेव ना बाप्पा खाली. पट्टी लावून काय त्याचं लगन जुळवून राहिला का?" लहान मासा घ्यायचा नाही, कारण तो अजून वाढायचा आहे. मोठा घ्यायचा नाही, कारण तो अंड्यावर आलेला असू शकतो. मधल्या मापाचा घ्यावा, तर तो उद्या मोठा होणारच. अशा हिशेबाने त्या घरात वर्षानुवर्षं रविवारी दुधीची भाजी शिजली. मत्स्य खात्यातल्या माणसाच्या घरी मासा मिळत नाही म्हणून त्यांची मुलं आमच्याकडे येऊन सावजी रश्श्यावर तुटून पडायची, आणि आमची ही त्यांना वाढताना अशी काही डोळे पुसायची की मीच साडभाऊंना शिव्या घालायला लागायचो.

मासे किती पकडावेत, हे ते कुणालाही विरजणावरून समजावून सांगत. "दही खा ना. पोटभर खा. पण वाटीत उद्याचं विरजण राहिलं पाहिजे की नाही? किती राहिलं म्हणजे पुरे, एवढंच काढायचं असतं. त्यालाच मर्यादा म्हणतात. यात काय कठीण आहे?" त्यांच्या घरी दह्याच्या पातेल्यावर खरोखर पहारा असे. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत ताईंनी शेवटची वाटी ताकाला लावली, तर हे चक्क भर पाहुण्यांत उभे राहून 'मले'वर आले. ताईंनीही ऐकवलं, "शेजारून आणते चमचाभर. लक्ष्मीनगरात काय एकच गाय आहे का?" त्यावर साडभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "हेच तर लोकांना वाटतं गा. शेजारून आणू. समुद्राला शेजार कुठे असतो?" तेव्हा मी हसलो होतो. मला वाटलं, माणूस दह्यावरून फारच लांब गेला.

आता ती मासे मोजायची रीत सांगायला हवी, कारण तिने माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात माझं नाक कापलं. रीत अशी. तलावातून काही मासे धरायचे, त्यांच्या पंखाचा कोपरा कातरून खूण करायची आणि परत सोडून द्यायचे. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. जाळ्यात खुणेचे मासे बरेच दिसले, तर तलावात एकूण मासे थोडेच आहेत. खुणेचे क्वचितच दिसले, तर मासे अमाप आहेत, त्यात ते हरवले. एवढं साधं. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर एका गारठलेल्या सकाळी त्यांनी मला मासा धरून ठेवायला बसवलं होतं. मासा माझ्या हातून सुटला, मी गाळात बसलो, आणि साडभाऊ ओरडले, "अबे साडभाऊ, त्याचा पंख कातरला का तुझा?" बहिणीचं लग्न त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं. वरपक्ष बुटीबोरीकडचा, मोठा बारदाना, आणि किती माणसं येणार याचा कुणालाच अंदाज नाही. आचारी हात कमरेवर ठेवून उभा. दुसरी कढई चढवू की नको, एवढंच त्याला विचारायचं होतं. साडभाऊ म्हणाले, "थांब, मी मोजून सांगतो."

त्यांनी केलं काय, मांडवाच्या दारात उभे राहिले आणि येणाऱ्या पुरुषांपैकी मधूनमधून एकाला गुलाबाचं फूल देत गेले. ही त्यांची पंख कातरण्याची खूण. मग पुरुषांची पंगत बसली तेव्हा पानांमधून फिरून किती कोटांवर गुलाब दिसतात ते बघितलं. दिसले अगदी तुरळक. साडभाऊंचा चेहरा गंभीर झाला. इतके कमी गुलाब म्हणजे गर्दी अफाट आहे! त्यांनी धावत जाऊन आचाऱ्याला सांगितलं, "चढव कढई. तिसरीही चढव." आणि बुंदी पडायला लागली. ती पडतच राहिली. पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं, मांडव सुटला, आणि आमच्या घरात लाडवांचे डोंगर उरले. आम्ही लाडू खाल्ले, नातेवाइकांनी खाल्ले, छापखान्यातल्या लोकांनी खाल्ले, शेवटी गल्लीतल्या गायी आमचं दार दिसलं की तोंड फिरवायला लागल्या. झालं होतं असं, की आपल्याकडचा कुठला मर्द गुलाब कोटाला लावून पंगतीला बसतो? मांडवात शिरल्या शिरल्या ज्याने त्याने तो आपल्या बायकोला दिला आणि बायकांनी वेणीत खोचला. बायकांची पंगत मागच्या अंगणात होती. तिकडे म्हणे नुसता गुलाबांचा ताटवा फुलला होता. ताई स्वतः अंबाड्यात दोन गुलाब खोचून समोरून गेल्या, तेव्हा साडभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला.

मला वाटलं, आता तरी माणूस शरमेल. डोंबल! ते आनंदाने माझा दंड धरून हलवायला लागले. "साडभाऊ, खूण गळते! हे कुणी धरलंच नव्हतं हिशेबात! खूण गळली तर नाहीत ते मासे आपल्याला दिसतात!" मी म्हटलं, तुमच्या खुणेला लावा आग, या लाडवांचं काय करू? आमचं त्या दिवशी असं वाजलं की पुढचे काही महिने मी लक्ष्मीनगराची पायरी चढलो नाही. या गृहस्थाने मात्र त्याच विषयावर एक मोठा इंग्रजी लेख लिहिला. लेखात बुंदीचा उल्लेख नव्हता.

आणि तो लेख दिल्लीत कुणीतरी वाचला. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आपल्या देशाची जहाजं दक्षिण ध्रुवाकडे जायला लागली होती. तिथल्या पाण्यातले मासे बाकीच्या देशांची जहाजं आधीपासूनच उपसत होती. किती उपसावेत हे ठरवायला सगळ्या देशांचं एक मंडळ झालं. त्यात आपल्याकडून कुणाला तरी आकडेमोड कळायला हवी, म्हणून साडभाऊंना सरकारी समितीवर बोलावणं आलं. समुद्र ज्या गावापासून कुठल्याही बाजूला निघालं तरी लांबच, त्या नागपुरातला माणूस बर्फाच्या समुद्रावर! लक्ष्मीनगरात तर बहार झाली. पोरं त्यांना पेंग्विन म्हणायला लागली. हेडमास्तरांनी शुभेच्छा दिल्या त्या अशा, की जणू हे परत येणारच नाहीत. आणि साडभाऊ गेले, जहाजातून गेले, ओकत गेले, आणि काळेठिक्कर पडून परत आले. त्यानंतर भर मे महिन्यात, वाळ्याच्या ताट्या भिजवून आम्ही सगळे मेल्यासारखे पडलेले असताना हा माणूस उठून बसायचा आणि म्हणायचा, "तिकडे पाणी इतकं थंड आहे गा, की मासा वाढायलाच वर्षांमागून वर्षं लागतात. आपला रोहू पाहा, दोन पावसाळ्यांत ताटाएवढा होतो. तिकडचा मासा पोरं व्हायच्या वयाला येईस्तोवर आपलं पोर शाळेत जाऊन चुकतं. अन् ते लेकाचे जाळं ओढून राहिले!"

एका बेटाभोवती एक जात होती. मोठ्या डोक्याचा, दगडासारख्या ठिपक्यांचा मासा. ते त्याला नुसतं 'ठिपक्या' म्हणायचे. अंडी घालायला हा मासा सगळा एके ठिकाणी जमायचा, आणि जहाजांना ती जागा सापडली होती. साडभाऊंचं म्हणणं, याची धरपकड ताबडतोब बंद करा, नाहीतर विरजण संपलं. आणि समोरच्यांचं म्हणणं, छे, जाळी तर भरभरून येताहेत! "अरे, भरूनच येणार!" साडभाऊ व्हरांड्यात मांडीवर थाप मारायचे. "ते एका जागी गोळा होऊन राहिले. शेवटची पंगत पण भरलेलीच दिसते. त्यानंतर भांडं खरवडाचं असते, ते कोणी पाहत नाही." हे असं रोज. एका ठिपक्या माशाला वाचवणं, एवढंच काम त्या माणसाने आपल्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत डोक्यावर घेतलं होतं. दुसरी मागणी नाही, बढती नाही, घराला दुसरा मजला नाही. ताई म्हणायच्या, "लेकीच्या लग्नाले इतके नव्हते बसले हो हिशेब करत."

मग परदेशात मंडळाची बैठक भरली आणि साडभाऊ दिल्लीच्या साहेबांबरोबर तिकडे गेले. जाताना नवा सूट शिवला, माझ्याच ओळखीच्या, महाल भागातल्या टेलरकडे, आणि त्याच्या खिशातही फुटपट्टी टाकली. परत आले तेव्हा मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. गाडीतून उतरले ते बॅग माझ्या हातात न देता फलाटावरच उभे राहून बोलायला लागले. हमाल थांबले, चहावाला थांबला. रिक्षात बोलत राहिले, घरी आल्यावर जेवताना बोलत राहिले.

तिकडे एका मोठ्या देशाचे, ज्याची सगळ्यात जास्त जहाजं तिथे जात, असे एक तज्ज्ञ उठले. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या लोकांनी काही ठिपक्यांच्या पाठीत रंगीत पट्ट्या टोचून ते समुद्रात सोडले होते. नंतर जाळ्यांत पट्टीवाले मासे फारच थोडे मिळाले. म्हणजे मासे अमाप आहेत, सिद्ध झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. साडभाऊंना बसवेना. ते उठले आणि म्हणाले, पट्ट्या गळतात. पुढे म्हणाले, आणि जहाजावरच्या खलाशाला पट्टी दिसली तरी तो ती समुद्रात फेकतो, कारण ती दाखवली की साहेब लोक प्रश्न विचारतात. मी जहाजावर राहून आलोय, मला माहीत आहे. कुणाला पटेना. तेव्हा या माणसाने, कानाला दुभाष्यांचे फोन लावून बसलेल्या त्या जगभरच्या मंडळींना, माझ्या बहिणीच्या लग्नातल्या गुलाबांची गोष्ट सांगितली. कोट, वेणी, अंबाडा, बुंदी, सगळं. दुभाष्यांनी बुंदीचं काय केलं ते देव जाणे. पण सभा पोट धरधरून हसली. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी लोक येऊन हात मिळवून गेले, म्हणे फार मजेदार भाषण. आणि चहा संपल्यावर त्यांनी पट्ट्यांचा तोच आकडा जसाच्या तसा धरला आणि पुढे गेले. हसून घेतलं हो! मुद्दा ताटाखाली सारला आणि हसून घेतलं. मी त्या वेळी तिथे असतो तर एकेकाच्या कानातला तो फोन उपटला असता.

त्या मंडळाचा नियम असा, की सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरत नाही. म्हणजे ज्याची जहाजं, त्याने नाही म्हणून नुसती मान हलवली की संपलं. ते म्हणाले, मासे कमी झालेत हे आधी सिद्ध करा, मग मर्यादा घालू. साडभाऊ फलाटावर ओरडले होते ते हेच. "माशांनी पयले मरून दाखवाचं! मंग हे ठराव मांडून राहिले! असं कुठं असते का?" शेवटी मर्यादा ठरली. कशी ठरली? इतकी मोठी, की इतके मासे कुणाच्याही जहाजांनी कधी धरलेच नव्हते. लक्ष्मीनगरच्या आमच्या गल्लीत पाटी लावावी, की शंभरापेक्षा जास्त हत्तींनी एका वेळी येऊ नये, तशी ती मर्यादा. आणि आपले दिल्लीचे साहेब त्याला हो म्हणाले. साडभाऊंनी विचारलं, असं का? तर साहेब म्हणाले, आपण इथे नवे आहोत, संबंध राखायचे आहेत, उद्या आपलीही जहाजं येतील. वर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप इमोशनल हो रहे हैं। मछली ही तो है।" साडभाऊ म्हणाले, "मछली है, इसीलिए बोल रहा हूँ, साहब। आदमी होती तो खुद बोल लेती।"

मग त्यांच्यापुढे सहीचा कागद आला, की आमच्या तज्ज्ञांना हा आकडा मान्य आहे. त्यांनी सही केली नाही. साहेबांनी समजावलं, मग दरडावलं, मग दुसऱ्या कुणाची तरी घेतली. त्या दिवसानंतर त्या समितीचं बोलावणं साडभाऊंना पुन्हा कधी आलं नाही. आयुष्यभर तलावाच्या गाळात उभं राहून जे शिकले, ते एका सहीपायी कुणाला नको झालं. मला तेव्हा आणि आताही वाटतं, की त्या साहेबाला धरून आणावं आणि मे महिन्यात दुपारी बारा वाजता अंबाझरी तलावाच्या बांधावर अनवाणी उभं करावं.

मी गप्प बसणारा माणूस नाही. माझ्याकडे छापखाना होता. मी एक पत्रक काढलं, लाल अक्षरांत, मथळा 'ध्रुवावरची लूट थांबवा!', आणि सीताबर्डीवर उभा राहून स्वतः वाटलं. लोकांनी ते घेतलं आणि निवडणूक जवळ होती म्हणून विचारलं, "भाऊ, उमेदवार कोण? निशाणी मासा आहे का?" एकाने तर सांगितलं, माझ्या घरी पाच मतं आहेत, रस्ता करून द्या. संध्याकाळी बघतो तर भजीवाला त्याच पत्रकात भजी बांधून देत होता. मी त्याच्याशी भांडलो. साडभाऊ शेजारी उभे होते, ते मला ओढत म्हणाले, "जाऊ दे गा. त्याच्या भज्यांले काहून शिव्या देतं? भजी तरी तो तळून राहिला, काही तरी करून राहिला." हा माणूस मला शांत करत होता! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, की यांच्यातला विस्तव कमी व्हायला लागला आहे.

साडभाऊ रिटायर झाले. पुढे एके दिवशी दुपारी ताईंनी बोलावणं पाठवलं, लवकर या, आनंदाची बातमी आहे. दिल्लीहून एका जुन्या सहकाऱ्याचा ट्रंककॉल आला होता. मंडळाने एकमताने ठराव केला होता: ठिपक्या माशाला यापुढे कुणीही धरायचं नाही. पूर्ण बंदी. जे साडभाऊ ओरडून सांगत होते, शब्द न शब्द तेच. मी सायकल रिक्षा केली, वाटेत पेढे घेतले. व्हरांड्यात हेडमास्तर आधीच हजर, ताईंच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते तेज. मी ओरडतच शिरलो, "काय साडभाऊ! जिंकलात की नाही लेको! झक मारत यावं लागलं त्यांना!"

साडभाऊ मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. मी पेढ्याचा पुडा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "एकमत झालं ना," ते म्हणाले. "का झालं? जहाजं गेली तिथून. मागच्या मोसमात जाळ्यात काही आलंच नाही. आता बंदी घातली तर कोणाचं काय जातं?" मी म्हटलं, पण आता तरी वाचतील की. वाढतील हळूहळू. ते म्हणाले, "जे उरले असतील ते वाढतील. तू बघणार नाहीस, मी बघणार नाही. नातवाने पाहिले तर पाहिले." चिडून बोलत नव्हते. 'मले' नाही, 'तुले' नाही. मला तो शांत आवाज सहन होईना. मला वाटलं, यांनी ओरडावं, पुडा भिंतीवर फेकावा, निदान मला तरी शिव्या घालाव्यात. मीच ओरडलो. त्या साहेबाच्या, त्या तज्ज्ञाच्या, सगळ्या मंडळाच्या नावाने जे तोंडाला आलं ते बोललो. बाहेर हेडमास्तर उठून घरी गेले.

मी दमून खाटेवर बसलो तेव्हा ते म्हणाले, "एक गोष्ट सांगू का? तुझ्या ताईलासुद्धा सांगितली नाही." आणि त्यांनी सांगितलं. जहाजावर असताना एकदा तपासणीच्या जाळ्यात एक ठिपक्या आला. म्हातारा, चांगला हातभर. अशा माशाचं डोकं चिरायचं असतं, कानातला खडा काढायचा असतो, त्यावरच्या वळ्यांवरून वय कळतं. साडभाऊंनी त्याला फळीवर घेतला, पट्टी लावली, सुरी उचलली. "तो माझ्याकडे पाहून राहिला होता गा. म्हणजे मासा काय पाहील, मले माहीत आहे. पण पाहून राहिला होता." आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, कठड्याशी गेले आणि सोडून दिला. ज्या माणसाने आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, त्याने त्या दिवशी एक मासा हिशेबात धरलाच नाही.

सांगून झाल्यावर ते बराच वेळ पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करत होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "असन का गा तो अजून?"

माशांतलं मला काय कळतं? पण मी छातीठोकपणे म्हटलं, "असन ना! काहून नसन?"

"हो ना," ते म्हणाले, आणि त्यांनी पुडा सोडून एक पेढा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला.

साडभाऊंना जाऊनही आता बराच काळ झाला. तो मासा जास्तीत जास्त किती वर्षं जगतो, हे त्यांनी त्याच दुपारी मला सांगितलं होतं. मी ते मुद्दाम विसरलो आहे.